आठवणींचा इव्हेंट नको, बाई!



गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाची बैठक झाली आणि त्या बैठकीत मी एकटी पडले. विषय होता यंदाचं दशलक्षण पर्व. कार्यक्रमाचा कच्चा कागद वाचून दाखवला गेला. दहा दिवसांचे दहा रंग, रोज त्या रंगाची साडी. मंदिराच्या आवारात फोटोसाठी फुलांची कमान. 'कुटुंबाच्या आठवणी' या नावाने रील स्पर्धा, पहिल्या तीन नंबरांना बक्षीस. आणि ज्यांचे उपवास असतील त्यांच्या पारण्याला हॉल, कॅटरर, येणाऱ्या प्रत्येकीला भेटवस्तू. वर्गणी घरटी दोन हजार.

एक ताई म्हणाल्या, "मुलांच्या आठवणी तयार व्हायला हव्यात ना! नाहीतर ही पिढी धर्मापासून तुटेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, माझा विरोध आहे. मग जे व्हायचं तेच झालं. "काकू, तुम्ही जुन्या वळणाच्या." "काकू, खर्चाचं टेन्शन घेऊ नका, बघू आम्ही." कुणीतरी चहाचं विचारलं आणि विषय पुढे गेला.

मी बावन्न वर्षांची आहे, जुन्या वळणाची वगैरे काही नाही. माझ्या फोनमध्ये तुमच्यापेक्षा जास्त ॲप आहेत. विरोध का केला ते तिथं नीट सांगता आलं नाही, कारण ते सांगायचं तर आधी स्वतःची चूक सांगावी लागली असती आणि वीस बायकांसमोर तेवढी हिंमत झाली नाही. इथं लिहिते.

चार वर्षांपूर्वी माझ्या मुलीने दशलक्षणात दहा उपवास केले. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. दिवसातून एकदा उकळून गार केलेलं पाणी, बस्स. आमच्या घराण्यात दहा उपवास करणारी ती पहिलीच, त्यामुळे मला काय करू नि काय नको असं झालं. पाचव्या दिवशी मी हॉल ठरवला. सहाव्या दिवशी कॅटररशी घासाघीस. सातव्या दिवशी बॅनरचा मजकूर, त्यात कुणाचं नाव वर नि कुणाचं खाली यावरून रात्री साडेअकरापर्यंत फोन. आठव्या दिवशी पारण्याची साडी आणायला कोल्हापूरला गेले. नवव्या दिवशी भेटवस्तूंची खोकी घरी आली, साडेतीनशे स्टीलचे डबे. ते पिशव्यांत भरता भरता रात्रीचा एक वाजला.

पारण्याच्या दिवशी तिला भाड्याने आणलेल्या उंच, सोनेरी खुर्चीवर बसवलं. एकेक जण यायचं, चमच्याने मुगाचं पाणी पाजायचं आणि कॅमेऱ्याकडे बघायचं. चाळीसेक जण झाल्यावर तिने मला नजरेने खूण केली. तिला मळमळत होतं. मी लांबूनच हात दाखवला, 'थोडं थांब'. कारण ह्यांच्या मावशी अजून राहिल्या होत्या आणि त्या रुसल्या असत्या.

हे मी करत होते मैत्रिणींनो. दुसरं कुणी नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही दोघी निर्वाण लाडू वळत बसलो होतो. पहाटे मंदिरात जायचं होतं. मी सहज विचारलं, "तुझ्या त्या दहा उपवासांतलं काय आठवतं गं तुला?" ती म्हणाली, "सातवी रात्र. पायात गोळे येत होते, झोप लागेना. आज्जी उठली, दिवा न लावताच माझे पाय चेपत बसली. विष्णुकुमार मुनींची गोष्ट सांगत होती आणि अर्ध्यावर तीच झोपली. तिचं डोकं माझ्या पायावर. मग मी हललेच नाही सकाळपर्यंत."

"आणि पारणं?"

"पारण्याचे फोटो आहेत की."

मग थोडा वेळ लाडू वळून झाल्यावर म्हणाली, "आई, तू कुठं होतीस गं त्या रात्री?" तिने टोमणा मारला नव्हता. तिला खरंच आठवत नव्हतं. मी हॉलमध्ये होते, फोनवर, बॅनरवरच्या नावांचा क्रम लावत.

सासूबाई आता नाहीत. ती खोकीभर डबे मात्र अजून आहेत, उरलेले साठ-सत्तर, माळ्यावर.

म्हणून मी म्हणते की या असल्या आठवणी 'तयार' करायच्या भानगडीत पडूच नका. हा शब्दच मला खटकतो. आठवण काय पापड आहे, लाटून वाळत घालायला? माझी आज्जी, म्हणजे वडिलांची आई, शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावात रोज सकाळी पाणी गाळायची. जाड सुती कापड, दुहेरी घडीचं, घागरीच्या तोंडावर. कापडाचं एक टोक धरायचं काम माझं. धार पडताना टोक हललं की ओरडा ठरलेला. पाणी गाळून झालं की त्या कापडावरून थोडं गाळलेलं पाणी सोडून ते खालच्या भांड्यात धरायचं आणि विहिरीवर जाऊन हळूच परत सोडायचं. ज्या पाण्यातले जीव, त्या पाण्यात. वरून ओतायचं नाही, दोरीने भांडं खाली पाण्यापर्यंत न्यायचं, मग कलंडवायचं. सहा-सात वर्षांच्या मुलीला अहिंसा म्हणजे काय ते मला कुणी व्याख्यानात सांगितलं नाही. मी ते भांडं कलंडताना बघितलं.

आज्जी नातीसाठी आठवणी बनवत नव्हती. ती पाणी गाळत होती. मला टोक धरायला लावलं कारण तिला दुसरा हात हवा होता. आज नळाला फिल्टर आहे, तरी मी नळाला कापडी गाळणं बांधते आणि ते बांधताना दर वेळी तिचा खरखरीत हात दिसतो.

तुमचं तुम्ही आठवून बघा. लहानपणचं काय डोळ्यांसमोर येतं? कुणाला आईबरोबर अष्टद्रव्याचं ताट भरणं आठवेल, तांदूळ निवडणं, लवंगा मोजणं. कुणाला वडिलांच्या खांद्यावर बसून बस्तीतली घंटा वाजवणं. कुणाला अभिषेकानंतरचं गंधोदक आज्जीने डोळ्यांना लावलेलं. पैसे मोजून केलेली एकतरी गोष्ट आठवली का? आणि ज्या आठवल्या त्यात तुमच्या हाताला काहीतरी काम होतं की नाही? बघणाऱ्याला आठवत नाही, करणाऱ्याला आठवतं. रीलमध्ये पोराला काय काम असतं? कॅमेऱ्यासमोर हात जोडून उभं राहायचं आणि 'परत कर, नीट आलं नाही' म्हटलं की परत जोडायचे. णमोकार मंत्राचा तिसरा टेक! मी हे डोळ्यांनी बघितलंय, आमच्याच मंदिरात.

कुणी म्हणेल, धर्मात उत्सव सांगितलेच आहेत. आहेत. पण श्रावकाची सहा आवश्यकं कोणती ते एकदा मोजा: देवपूजा, गुरूंची उपासना, स्वाध्याय, संयम, तप, दान. ही वर्षातून एकदा करायची नाहीत, रोजची आहेत. आचार्यांना माणसाचं मन ठाऊक होतं. जे रोज होतं तेच अंगात भिनतं. आपण काय केलं? रोजचं सगळं सोडलं आणि वर्षाचं दहा पटीने फुगवलं. ज्या घरांतून रील स्पर्धेला सगळ्यात जास्त व्हिडिओ येणार आहेत, त्यातल्या किती घरांत संध्याकाळी चौघं एकत्र बसून जेवतात? नावं घेत नाही. माझंही घर त्यात होतं.

या संध्याकाळच्या जेवणावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण आपल्याकडे एवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण ती अडचण म्हणून मोजतो.

सूर्यास्ताच्या आत जेवायचं. कारण अहिंसेचं आहे, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण त्याने घरात काय होतं ते बघा. वेळ कुणाच्या हातात राहत नाही. सासूच्या नाही, साहेबांच्या नाही, मालिकेच्या नाही. आमच्या सांगलीकडे डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सात वाजून जातात. तेवढ्या आत सगळ्यांनी बसायचं म्हणजे सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं. बाई मागून एकटी ओट्याशी उभी राहून जेवते ना, ते या नियमात बसतच नाही, कारण तिलाही सूर्यास्ताच्या आतच जेवायचं आहे! माझ्या माहेरी आईसुद्धा पंगतीत बसायची. भाकऱ्या आधी करून दुरडीत झाकलेल्या, आमटी, उसळ, शेंगदाण्याची चटणी मध्ये ठेवलेली, ज्याला हवं त्याने घ्यायचं. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी असं असतं. पुढे शाळेतल्या मैत्रिणींकडे गेले तेव्हा कळलं की बऱ्याच घरांत बायका शेवटी जेवतात, उरलेलं जेवतात. आपल्या एका नियमाने आपल्या आयांना पाटावर जागा दिली होती. आणि आपण तो नियम 'प्रॅक्टिकल नाही' म्हणून सोडला, रात्री दहाला गरम फुलके वाढत उभ्या राहिलो, वर दशलक्षणात दहा रंगांच्या साड्या नेसून संस्कृती जपतो म्हणतो.

लगेच हात वर होतील, मला माहीत आहे. "काकू, आमचे मिस्टर आठला येतात." "पुण्यात हिंजवडीहून घरी यायलाच दोन तास लागतात." "मुलांचे क्लास साडेसातला सुटतात." खरं आहे. माझे हेसुद्धा पेढीवरून आठनंतरच यायचे. सासूबाई गेल्यावर, त्या लाडवांच्या रात्रीनंतर, मी घरात म्हटलं की रोज नको, पण रविवार आणि अष्टमी-चतुर्दशी, एवढे दिवस चौघांनी दिवसाउजेडी एकत्र जेवायचं. महिन्याचे आठ-नऊ दिवस. पहिले दोन महिने कसले रंगले! मुलगा मोबाइल घेऊन बसायचा, हे ताटावर बसून घड्याळ बघायचे, मुलगी पुण्याला हॉस्टेलवर, ती व्हिडिओ कॉलवर. भाजीत मीठ कमी पडलं की तोच विषय. मला दोनदा वाटलं सोडून द्यावं.

एक गोष्ट केली त्याने फरक पडला. मी कामं वाटली. ताटं-वाट्या मांडायचं काम ह्यांचं. ह्यांना त्यांच्या आईने आयुष्यात ताट उचलू दिलं नव्हतं (सासूबाई पाय चेपायला रात्री उठायच्या, पण मुलाला पाण्याचा तांब्या भरू द्यायच्या नाहीत, तेही सांगितलं पाहिजे). मुलाचं काम पाणी गाळून भरायचं आणि सूर्यास्त किती वाजता आहे ते दिनदर्शिकेत बघून सकाळी सगळ्यांना सांगायचं. आता तो पठ्ठ्या ग्रुपवर मिनिटासकट टाकतो. एका रविवारी मला ताप होता. मी झोपून होते, आणि आतून ताटांचा आवाज आला. बापलेकांनी भात-आमटी केली होती. आमटीत गूळ दोनदा पडला होता. साडेसहाला मला उठवून पाटावर बसवलं. याचा फोटो नाही.

इथं मला पुरुषमंडळींशीही भांडायचंय, पण ते हा ब्लॉग वाचत नाहीत, म्हणून तुम्ही वाचून दाखवा. परंपरा परंपरा म्हणून व्यासपीठावर बोलणारे, संस्कार आईनेच द्यायचे असतात म्हणणारे, स्वतः घरात काय करतात? एकट्या बाईच्या मनगटावर चाललेली परंपरा ही परंपरा नव्हे, तो तिचा राबता आहे. ती थकली की संपली. पोरं बघत असतात की हे सगळं आईच करते, बाबा फक्त आरतीला येतात. मग मुलगा मोठा होऊन आरतीलाच येणार, आणि मुलगी ठरवणार की हे माझ्या घरात नकोच. तिचं काय चुकलं?

मोठ्या सोहळ्यांबद्दल बैठकीत जे बोललं गेलं त्यालाही उत्तर देते. "पूर्वीही लाखांनी लोक जमायचेच की." जमायचे. १९५५ साली कुंथलगिरीवर शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली तेव्हा माझी हीच आज्जी गावातल्या लोकांबरोबर दर्शनाला गेली होती. ती त्याबद्दल खूप बोलायची. पण काय बोलायची? गर्दीबद्दल एक-दोन वाक्यं. बाकी सगळं वाटेतलं. आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि फुटाणे, रात्र व्हायच्या आत जेवायचं म्हणून वाटेतच एका झाडाखाली सगळ्यांनी सोडलेली शिदोरी, कुणाच्या शिदोरीतली चटणी तिखट निघाली. आणि दुरून दिसलेले महाराज, इतके कृश, की तिने घरी आल्यावर सहा महिने तूप सोडलं होतं. त्या सोहळ्याने तिच्या रोजच्या ताटात काहीतरी बदललं. आपल्या हॉलमधल्या पारण्याने कुणाच्या ताटात काय बदलतं? साडेतीनशे जणांचं बुफे जेवण, अर्ध्या ताटांत टाकलेलं अन्न. त्या दिवशी मी ते टाकलेलं अन्न बघितलं होतं आणि मान वळवली होती. दहा दिवस माझी पोर उपाशी होती आणि तिच्या नावाने पिंपभर अन्न वाया गेलं.

श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी होतो. म्हणून तो डोळ्यांत मावत नाही. तो दर वर्षी, दर गावात, दर वाढदिवसाला केला तर काय उरेल? मोठं ते क्वचितच असावं. त्याला माझा विरोध नाही. बस ठरवा, मी पहिली येते, डबे पण बांधते.

पुण्या-बेंगळुरूच्या लेकी-सुनांना मी काय सांगू? तुमच्याकडे आज्जी नाही, अंगण नाही, विहीर नाही. मला ठाऊक आहे. माझी भाची कोथरूडला असते, दोघंही आयटीत. तिने एकच धरलंय. पोराला झोपवताना दिवा मालवायच्या आधी तिघांनी नऊ वेळा णमोकार म्हणायचा, आणि पोराने बोटाच्या पेरांवर मोजायचं. मोजणी त्याची. तो चुकला तर परत पहिल्यापासून. कधी कधी मुद्दाम चुकतो, झोपायला नको म्हणून. नवरा परदेशी गेला तर तिथूनही फोनवर. तीन-चार मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य. परवा ती सांगत होती, पोराला ताप होता, रात्री दोनला रडत उठलं, आणि हिने काही म्हणायच्या आधी त्यानेच पेरं मोजायला सुरुवात केली.

एवढंच मी बैठकीत मागत होते. पत्रिकेत एक ओळ घाला की दशलक्षणाचे दहा दिवस प्रत्येक घराने संध्याकाळी एकत्र जेवावं, आणि त्या दिवशीच्या धर्माबद्दल, मार्दव असेल तर मार्दव, आर्जव असेल तर आर्जव, घरातल्या सगळ्यात लहान माणसाने दोन वाक्यं बोलावीत. संध्याकाळचे स्पर्धांचे कार्यक्रम रद्द करा, म्हणजे बायका घरी असतील. तेव्हा एक ताई हसून म्हणाल्या, "मग मंडळ काय करणार?" मला तेव्हा सुचलं नाही. आता सांगते. मंडळाने ज्या घरात म्हातारी एकटी आहे तिच्याकडे रोज दोघींनी जाऊन जेवावं. आमच्याच वॉर्डात अशा सात जणी आहेत. एकीलाही रील काढता येत नाही.

एक गोष्ट उरली. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

क्षमावणीला, म्हणजे भाद्रपद वद्य प्रतिपदेला, माझ्या माहेरी अण्णा सगळ्यांना सोप्यात बसवायचे. थोरल्यापासून सुरुवात. मोठ्याने धाकट्याची क्षमा आधी मागायची, हा त्यांचा नियम. आणि 'काही चुकलं असेल तर' असं मोघम चालायचं नाही. काय चुकलं ते सांगायचं. मी नववीत असताना अण्णा सगळ्यांसमोर आईला म्हणाले, "सत्यनारायण अप्पांच्या घरचे पाहुणे बसले होते, तेव्हा मी तुला हिशेबावरून बोललो. चुकी माझीच होती, पैसे माझ्याच खिशात सापडले. तुला सांगितलं नाही. क्षमा कर." आई काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन चुलीवर दूध ठेवलं. पैसे सापडल्याचं आईला चार महिने माहीत नव्हतं. मग अण्णा शेतावर काम करणाऱ्या मामांकडे वळले आणि त्यांचीही क्षमा मागितली, उन्हाळ्यात पाण्याच्या पाळीवरून अंगावर ओरडले होते त्याची. मामा एवढे संकोचले की उठून उभेच राहिले.

आता क्षमावणीला माझ्या फोनवर तीन-चारशे 'उत्तम क्षमा'ची चित्रं येतात. कमळ, हात जोडलेली आकृती, खाली सहकुटुंब सहपरिवार. मीही पाठवते. सगळ्यांना एकदम, एका बोटाने.

त्यात भाऊजींचंही येतं. माझे हे आणि त्यांचे धाकटे भाऊ, बांधावरून बोलणं बंद आहे, सहा वर्षं झाली. दीड फुटाचा बांध. दोघांच्या मुलांनी एका ताटात खाल्लेलं आहे. मुलीच्या पारण्याच्या बॅनरवर दोघांची नावं मी शेजारी-शेजारी छापली होती, 'शुभेच्छुक' म्हणून, आणि पत्रिका पोराच्या हाती पाठवली होती. ते आले नाहीत. मुलगी त्या दहा दिवसांत एकदाच काही मागत होती, "आई, काकाला तू स्वतः जाऊन बोलाव ना." मी म्हटलं, हॉलचं झालं की जाते. हॉलचं झालं तेव्हा पारणं उद्यावर आलं होतं.

यंदा मंडळाची कमान लागो न लागो, रील होवोत, दहा रंग होवोत, मी त्यात नाही. दोन हजार वर्गणी मी देणार आहे, ती अभिषेक-पूजेच्या खात्यात घ्या म्हणून सांगणार आहे. प्रतिपदेला दुपारी आम्ही भाऊजींकडे जायचं असं मी ठरवलंय. मुलगी पुण्याहून येते आहे. सासूबाई करायच्या तशी शेवयांची खीर करून नेणार आहे, माळ्यावरच्या त्यातल्याच एका डब्यात. फोन चौघांचेही घरी राहतील. परतायचं सूर्यास्ताच्या आत, किंवा तिथंच जेवायला बसवलं तर तिथं.

ह्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीसुद्धा म्हटलेलं नाही. काल ताटं मांडताना फक्त विचारलं, "त्याला खिरीत वेलदोडा चालत नाही, लक्षात आहे ना?"